आठ माणसांचा रस्ता, पाच माणसांचा रस्ता

२५ सप्टेंबर २०११ रोजी कोपनहेगनला रस्त्यावरच्या सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद शर्यत झाली. अंतर २६० किलोमीटर, रस्ता बहुतांशी सपाट. ब्रिटनच्या संघात आठ जण होते आणि त्यांतल्या सात जणांना एकच काम होते: मार्क कॅव्हेंडिशला शेवटच्या काही शे मीटरपर्यंत घोळक्यातून सुखरूप आणून सोडणे. सपाट रस्त्यावरच्या अखेरच्या धावेत त्या काळी त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नव्हता. साडेपाच तासांहून अधिक वेळ ब्रिटिश सायकलपटू घोळक्याच्या तोंडाशी राबले, पुढे निसटलेल्यांना त्यांनी हाताबाहेर जाऊ दिले नाही, आणि शेवटी ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू गॉसला मागे टाकून कॅव्हेंडिश जिंकला. टॉम सिम्प्सनच्या १९६५ मधल्या विजेतेपदानंतर ब्रिटिश पुरुषाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. दहा महिन्यांनी, २८ जुलै २०१२ रोजी, लंडन ऑलिंपिकची शर्यत झाली. पुन्हा कॅव्हेंडिशच, आणि सोबत ब्रॅडली विगिन्स, क्रिस फ्रूम, डेव्हिड मिलर, इयन स्टॅनर्ड. हे चौघेही कोपनहेगनच्या संघात होते. सहाच दिवसांपूर्वी विगिन्सने टूर द फ्रान्स जिंकली होती, फ्रूम तिथे दुसरा आला होता आणि पॅरिसमधला अखेरचा टप्पा कॅव्हेंडिशने जिंकला होता. रस्ते घरचे, प्रेक्षक घरचे. कॅव्हेंडिश एकोणतिसावा आला.

एवढ्या अवधीत पाय तर बदलले नव्हते. बदलल्या होत्या दोन गोष्टी, आणि दोन्ही शर्यतीच्या कितीतरी आधी कागदावर ठरलेल्या होत्या. जागतिक स्पर्धेत ब्रिटनला आठ जागा होत्या. ऑलिंपिकमध्ये कोणत्याही देशाला पाचापेक्षा जास्त सायकलपटू उतरवता येत नव्हते. आणि कोपनहेगनच्या सपाटीऐवजी लंडनच्या २५० किलोमीटरच्या मार्गात सरे परगण्यातली बॉक्स हिल नावाची टेकडी होती, ती नऊ वेळा चढायची होती. अजिंक्यपदाच्या शर्यतींबद्दल बोलताना आपण बहुधा विजेत्याच्या ताकदीबद्दल, जिद्दीबद्दल बोलतो. ते चूक नाही. पण कोणत्या प्रकारचा सायकलपटू जिंकू शकेल हे मार्ग आखणारा आणि संघसंख्येचा नियम लिहिणारा, हे दोघे आधीच बऱ्याच अंशी ठरवून बसलेले असतात. शर्यत किती वेळ आवरून धरावी लागणार, हे मार्ग ठरवतो. ती किती वेळ आवरून धरता येईल, हे संघातली माणसे ठरवतात. या दोहोंत जेवढे अंतर पडते, तेवढीच जागा बाकीच्यांना मिळते.

‘आवरून धरणे’ म्हणजे काय, हे समजायला हवेचा विचार करावा लागतो. ताशी ४५ किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर जाताना सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि वेग वाढतो तशी ही मागणी वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दुसऱ्याच्या आडोशाला राहणे हे या खेळाचे मूळ. बेर्ट ब्लोकेन या अभ्यासकाने २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंच्या दाट घोळक्याचा संगणकावर आणि वातबोगद्यात अभ्यास केला. घोळक्याच्या आत, मागच्या बाजूला बसलेल्याला हवेचा जो रोध होतो तो एकट्याने जाणाऱ्याच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के असू शकतो, असे त्याला आढळले. म्हणजे पुढे एकट्याने निसटणारा माणूस पुरती किंमत मोजतो आणि मागचा जवळजवळ फुकट येतो. अट इतकीच, की घोळक्याच्या तोंडाशी कोणीतरी वारा खात राहिले पाहिजे. हे काम ज्याला स्वतः जिंकायचे आहे त्याने करून चालत नाही. ते सहकाऱ्यांनी करायचे. चढावर मात्र हिशेब पालटतो. वेग पंधरा-वीस किलोमीटरवर आला की हवा बाजूला राहते आणि लढत स्वतःच्या वजनाशी सुरू होते. तिथे आडोसा फारसा कामाचा नाही, आणि राबणारे सहकारी एकेक करून गळतात. सपाटीवर सात माणसे सात माणसांचे काम करतात. चढामागून चढ आले की त्या सातांची चार होतात, मग दोन, मग कोणीच नाही.

आता लंडनकडे पुन्हा पाहू. कॅव्हेंडिशला वगळले तर कोपनहेगनला राबायला सात जण होते, लंडनला चार. अंतर जवळजवळ तेवढेच. बॉक्स हिलचा चढ तसा मोठा नाही, अडीचएक किलोमीटरचा आणि फारसा उभाही नाही. एकदा चढायचा असता तर कोणाला त्याची भीती वाटली नसती. पण नऊ फेऱ्यांत प्रत्येक वेळी वर पोचेपर्यंत कोणी ना कोणी निसटत राहिले. आधी एक टोळी पुढे गेली, तिला मागून दुसरी मिळाली, मग तिसरी, आणि अखेर तीसेक जणांचा गट पुढे झाला. सपाटीवर चार जणांनी तीस जणांचा पाठलाग करायचा, हे गणित विगिन्स आणि फ्रूमनाही सुटण्यासारखे नव्हते. इतर देशांनी मदत केली असती तर सुटले असते, आणि कोपनहेगनला खरोखरच परिस्थिती अनुकूल होती, कारण शेवटच्या धावेत जिंकू पाहणारे इतर संघही होते आणि शर्यत एकत्र राहण्यात त्यांचाही फायदा होता. लंडनला तसे उरले नाही. ऑस्ट्रेलियाचा गॉस मागच्या घोळक्यात होता, पण त्यांचा स्टुअर्ट ओ’ग्रेडी पुढच्या गटात होता. मग ऑस्ट्रेलियाने कशाला राबायचे? संघ लहान असला की प्रत्येक देश आपली मोजकी माणसे जपून वापरतो, आणि पुढच्या गटात आपला एक जण असणे हा मागे न राबण्याचा चोख बहाणा होतो. लंडन शहरात शिरल्यावर कझाकस्तानचा अलेक्झांडर विनोकुरोव आणि कोलंबियाचा रिगोबेर्तो उरान निसटले, आणि सुवर्ण-रौप्य याच क्रमाने त्यांच्याकडे गेले.

यात एक बारकावा आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा. चढ किती, यापेक्षा चढ कुठे, हा प्रश्न मोठा. मुंबई–पुणे सायकल शर्यत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. बोरघाटात जो पहिला, तोच पुण्यात पहिला असे होतेच असे नाही, कारण घाटमाथ्यापासून पुण्यापर्यंत लांबलचक रस्ता उरतो आणि त्यावर मागचे एकत्र येऊन पुढच्याला गाठू शकतात. म्हणून तर घाटाच्या राजाचा मान वेगळा द्यावा लागतो. लंडनला बॉक्स हिलच्या शेवटच्या चढानंतर चाळीसेक किलोमीटर उरत होते. आठ-नऊ जणांचे संघ असते तर तेवढ्या सपाटीत पुढचा गट गाठला गेला असता, आणि मार्ग आखणाऱ्यांनी कॅव्हेंडिशला संधी दिली असेच सगळे म्हणाले असते. पाचांच्या संघांमुळे तोच रस्ता त्याच्या विरोधात गेला. उलट उदाहरण २०१५ च्या रिचमंडचे. अमेरिकेतल्या त्या शहरात फेरीच्या अखेरच्या काही किलोमीटरांत छोटे पण उभे चढ लागोपाठ होते, त्यांतले काही दगडी फरशीचे. स्लोव्हाकियाच्या संघात तीनच जण होते. मोठ्या देशांनी दिवसभर शर्यत सांभाळली आणि पेटर सागानने त्या चढांपैकी एकावर एकच झेप घेतली. शेवट इतका जवळ होता की पाठलागासाठी माणसे गोळा करायला वेळच उरला नाही. ज्याच्याकडे संघ नाही त्याला लांब डोंगर नको असतो, सपाटीही नको असते. शेवटाला लागून असलेला आखूड चढ हाच त्याचा मित्र.

संघ आणि मार्ग यांचा विचार वेगवेगळा केला तर फसगत होते, हे टोकियोतल्या महिलांच्या शर्यतीने दाखवले. २०२१ मध्ये झालेल्या त्या ऑलिंपिकमध्ये महिलांत फक्त ६७ जणी उतरल्या आणि एका देशाला जास्तीत जास्त चार जागा होत्या. नेदरलँड्सच्या चौघींत आना फान डेर ब्रेगेन, आनेमीक फान फ्ल्युटेन, मारियान व्होस आणि डेमी फोलेरिंग होत्या. याहून बलाढ्य चौकडी शोधून सापडली नसती. पण त्यांत राबणारी कोण? चौघीही जिंकू शकणाऱ्या. शर्यत सुरू होताच पाच जणी पुढे निघून गेल्या, त्यांत ऑस्ट्रियाची एकुलती एक सायकलपटू आना कीझेनहोफर होती. गणितात पीएच.डी. केलेली, कोणत्याही व्यावसायिक संघाशी त्या वेळी करार नसलेली. पुढच्यांची आघाडी दहा मिनिटांवर गेली. पुरुषांच्या मार्गात फुजी पर्वताचा खालचा उतार आणि मिकुनी खिंडीचा भयंकर चढ होता. महिलांच्या १३७ किलोमीटरच्या मार्गातून हे दोन्ही गाळलेले होते. म्हणजे एकटीच्या ताकदीवर मिनिटे वसूल करता येतील अशी शेवटची जागाच डच चौकडीला मिळाली नाही. उरला तो चौघींनी मिळून करायचा पाठलाग, आणि तो करायला कोणी तयार नव्हती. त्यात पुढे कोण किती आहे हे कळवणारा कानातला रेडिओ ऑलिंपिकमध्ये चालत नाही. कीझेनहोफर शेवटचे चाळीसेक किलोमीटर एकटी गेली आणि सव्वा मिनिट राखून जिंकली. फान फ्ल्युटेनने दुसरी येऊन विजयाचे हात उंचावले, कारण पुढे कोणी असल्याचे तिला कळलेच नव्हते.

यावर एक आक्षेप घेतला जातो: लहान संघांमुळे असे अपघाती विजेते निघतात, खरी सर्वोत्तम मागे राहते. हा आक्षेप मला मान्य नाही. चाळीस किलोमीटर एकटीने वारा कापत जाणे अपघाताने होत नाही. आणि डच चौकडीकडून झालेली चूक पायांची नव्हती, हिशेबाची होती. कोण किती पुढे आहे हे लक्षात ठेवणे, आपल्यापैकी कोणी कोणासाठी राबायचे हे आधी ठरवणे, हे या खेळाचे कौशल्य आहे. मोठा संघ असता तर तीन-चार जणींच्या निव्वळ घामाने ही चूक झाकली गेली असती. लहान संघ चूक उघडी पाडतो. नुसती ताकद मोजायची असेल तर वेगळी वेळेची शर्यत आहेच, तिथे प्रत्येकजण एकट्याने घड्याळाशी लढतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्लोव्हेनियाच्या ताडेय पोगाचरने २०२४ आणि २०२५ ची जागतिक अजिंक्यपदे जिंकली, त्याला ना मार्गाने अडवले ना संघसंख्येने. मग हा सगळा ऊहापोह कशासाठी? २०२४ मध्ये झुरिकला त्याने शेवटापासून सुमारे शंभर किलोमीटरवर हल्ला चढवला आणि जिंकला. २०२५ मध्ये रवांडातल्या किगालीला, आफ्रिकेत झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत, जवळजवळ तेवढ्याच अंतरावरून त्याने पुन्हा तेच केले. पण या दोन मार्गांचे स्वरूप पाहा. किगालीचा मार्ग २६७.५ किलोमीटरचा, त्यात एकूण चढ ५,४७५ मीटरचा, आणि शहरच मुळात दीड हजार मीटर उंचीवर. शर्यत पूर्ण करणारे अवघे तीस. अशा मार्गावर आठांचा संघ निम्मा रस्ता संपायच्या आत विरघळतो, आणि त्यानंतर प्रत्येकजण एकटा. मग सर्वांत बलवान माणूस जिंकणार, हे उघड आहे. १९८० मध्ये फ्रान्समधल्या सालाँशला असाच निर्दय मार्ग होता. दोमांसीचा चढ वीस वेळा, शेवटाला पोचले पंधरा, आणि विजेता बर्नार इनो, त्या काळचा निर्विवाद राजा. म्हणजे पोगाचरचे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. अति कठीण मार्ग संघाचा प्रश्नच निकालात काढतो. शिवाय झुरिकलाही तो पूर्ण एकटा नव्हता: स्लोव्हेनियाचा यान त्रातनिक आधीच पुढच्या टोळीत पेरलेला होता, पोगाचर मागून येऊन मिळताच त्याने काही काळ वारा अंगावर घेतला. एवढ्या मोठ्या विजयातही एका सहकाऱ्याची नेमकी जागा लागली.

इथे माझे मत स्पष्ट सांगतो. निखळ सपाट मार्ग जसा एकाच प्रकारच्या सायकलपटूची सोय करतो, तसाच अति डोंगराळ मार्गही करतो. फक्त पहिल्यात मोठ्या संघाची मक्तेदारी असते, दुसऱ्यात एका असामान्य माणसाची. चढ वाढवले की शर्यत आपोआप रंगते, असे आयोजकांना वाटते. पण किगालीला शंभरहून अधिक किलोमीटर शिल्लक असतानाच सुवर्णाची लढाई जवळजवळ मिटली होती.

सपाट रस्ता म्हणजे सोपा, असेही मात्र समजू नये. २०१६ मध्ये दोहाला चढ नावालाही नव्हता, वाळवंटातला मोकळा रस्ता होता. पण आडवा वारा होता. वारा बाजूने आला की आडोसा मागे नसून तिरका असतो, आणि रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढ्यांनाच तो मिळतो. बाकीचे कडेला लोंबकळत राहतात आणि तुटतात. बेल्जियमने नेमक्या वळणावर एकजुटीने वेग वाढवला, घोळका फाटला, आणि पुढच्या गटात त्यांचे सहा जण आले. नऊ जणांच्या संघाची ताकद दिसली ती इथे. तरीही जिंकला सागानच, ज्याच्यासाठी कोणताही मोठा संघ राबलेला नव्हता. कॅव्हेंडिश दुसरा, बेल्जियमचा टॉम बूनन तिसरा. शर्यत फोडणे संघाला जमले. ती जिंकून देणे वेगळे.

माणसे जास्त असली म्हणजे मने एक असतात असेही नाही, आणि अजिंक्यपद शर्यतीत हे विशेषच जाणवते. वर्षभर सायकलपटू व्यावसायिक संघांकडून पगार घेऊन एकमेकांसाठी राबतात, आणि या एका दिवसापुरते देशाची जर्सी घालून कालच्या सहकाऱ्याविरुद्ध उभे राहतात. २०१३ मध्ये फ्लोरेन्सला शेवटी चार जण पुढे उरले, त्यांत दोघे स्पेनचे: होआकिम रोद्रिगेस आणि आलेहांद्रो व्हॅल्व्हेर्दे. रोद्रिगेस निसटला, पोर्तुगालचा रुई कोस्ता त्याच्या मागे गेला तेव्हा व्हॅल्व्हेर्दे त्याच्या मागे गेला नाही, आणि कोस्ताने रोद्रिगेसला शेवटच्या क्षणी हरवले. व्हॅल्व्हेर्दे आणि कोस्ता त्या वर्षी मोविस्टार या एकाच व्यावसायिक संघातले होते. त्याहून जुनी गोष्ट १९६३ ची, बेल्जियममधल्या रोन्सेची: सारा संघ रिक फान लोय या आपल्या नायकासाठी राबत असताना बेनोनी बेहेत या त्याच्याच सहकाऱ्याने त्याला शेवटच्या रेषेवर मागे टाकले.

तरीही आकड्यांचा नियम बदलायला हवा, असे मला वाटते. ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धा यांची तुलना केली की कारण दिसते. पॅरिसला २०२४ मध्ये पुरुष आणि महिला दोघांसाठी ९० जागा ठेवल्या गेल्या आणि देशाची मर्यादा चारवर आली. टोकियोत पुरुष १३० आणि महिला ६७ होत्या. ही विषमता संपली याचा आनंद मोठा आहे. चार जणांच्या संघांनी २७३ किलोमीटर कसे सांभाळायचे, ही शंका होती. ते सांभाळले गेले नाहीत, आणि म्हणूनच शर्यत चांगली झाली. मोंमार्त्रच्या दगडी चढाच्या फेऱ्या शेवटच्या पन्नासेक किलोमीटरांत ठेवल्या होत्या. बेल्जियमचा रेम्को एव्हनपूल निसटला, मागे त्याचाच सहकारी वाउट फान आर्ट राहिला. नेदरलँड्सच्या मॅथ्यू फान डेर पूलने पाठलाग केला असता तर तो फान आर्टला फुकट ओढून आणण्यासारखे झाले असते. चौघांतले दोन योग्य जागी असणे आठांच्या रांगेपेक्षा भारी ठरले. महिलांत अमेरिकेच्या फक्त दोघी होत्या, आणि त्यांतल्या क्रिस्टन फॉकनरने शेवटच्या तीन किलोमीटरांत व्होससारख्या दिग्गजांना झटका देऊन सुवर्ण नेले.

जागतिक स्पर्धेत मात्र क्रमवारीतल्या वरच्या देशांना अजून आठ जागा मिळतात, आणि खाली उतरावे तशा त्या घटत जाऊन शेवटी एकीवर येतात. २०१८ मध्ये ही कमाल मर्यादा नवावरून आठवर आणली गेली, एवढाच काय तो बदल. याच्या समर्थनात सांगितले जाते की बेल्जियम किंवा इटलीचा सातवा सायकलपटूही बऱ्याच देशांच्या पहिल्यापेक्षा सरस असतो, त्याला घरी बसवणे अन्यायाचे. हे खरे आहे, आणि या सायकलपटूंबद्दल मला सहानुभूती आहे. पण तो सातवा जण शर्यतीत जिंकायला येत नाही. तो दोनशे किलोमीटर वारा खाऊन बाजूला होतो. त्याला घेऊन शर्यतीचा दर्जा वाढत नाही, वाढतो तो एका देशाचा ताबा. मोठ्या देशाला सहा पुरेत. आणि उरलेल्या जागा ज्या देशांतून आज एकच सायकलपटू येतो त्यांना दुसरा, तिसरा पाठवायला द्याव्यात. एकट्याला डावपेच नसतात, दोघांना असतात. पॅरिसला अमेरिकेच्या दोघींनी ते दाखवले. रवांडाच्या भूमीवर जागतिक स्पर्धा भरवायची आणि अनेक आफ्रिकी, आशियाई देशांना एकेका माणसापुरते ठेवायचे, यात विसंगती आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुण्याच्या परिसरात यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक महासंघाच्या मान्यतेची टप्प्यांची शर्यत झाली. भारतातही मुले-मुली या खेळाकडे वळत आहेत. त्यांच्यातला एखादा पुढे कधी जागतिक स्पर्धेत पोचला तर तो एकटा असू नये.

२०२६ च्या जागतिक स्पर्धेचे यजमानपद माँट्रियलकडे आहे. तिथल्या माँ-रोयाल टेकडीवर १९७४ मध्ये बेल्जियमच्या एडी मर्क्सने जगज्जेतेपद जिंकले होते. टेकडी शहराच्या मधोमध आहे, चढ फार लांब नाही आणि तो पुनःपुन्हा येतो. सहा-सहा जणांचे संघ असते तर अशा मार्गावर पंधरा-वीस देशांना खरी संधी मिळाली असती. आठांच्या संघांनी ती चार-पाच देशांपुरतीच राहील, असा माझा अंदाज आहे.